हौसेला मोल नसतं म्हणे!

बऱ्याच महिन्यांनी इथे लिहायला बसलोय. मधल्या काळात दोन-चार जणांनी "लिहिणं का थांबलं?" म्हणून विचारलं. त्यांना मी "कामाचा ताण" असं मोघम उत्तर दिलं. ते खोटं होतं. खरं उत्तर आज देतो. थोडं लांबेल. आणि या वेळी पाऊस, प्रवास, वाचलेली पुस्तकं वगैरे काही नाही. या वेळी भांडण आहे.

निमित्त असं झालं की गेल्या महिन्यात गावी गेलो होतो, लोहारा तालुक्यात. चुलत बहिणीच्या मुलीचं बारसं होतं. जेवणं आटोपल्यावर ओट्यावर पान लावत बसलेल्या मंडळींत माझ्या तब्येतीचा विषय निघाला. आमचे मामा म्हणाले, "आता काय करणार? हौसेनं करून घेतलंय. हौसेला मोल नसतंय बाबा, भोगायचं." कुणी हसलं नाही, कुणी काही बोललंही नाही. सुपारी फुटल्याचा आवाज तेवढा आला.

मामा वाईट नाहीत. मला सायकल त्यांनी शिकवली. मी नाव बदललं तेव्हा घरात सगळ्यांच्या आधी नव्या नावाने हाक मारली तीही त्यांनीच. म्हणूनच ते वाक्य डोक्यातून जाईना. परक्याने म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मला मुलगी म्हणून वाढवलं गेलं. मी पुरुष आहे. हे कळणं, स्वतःशी मान्य करणं, घरात सांगणं, यात माझी पंचवीस वर्षं गेली, त्याबद्दल पूर्वी लिहिलंय. मग मानसोपचारतज्ज्ञांची प्रमाणपत्रं, हार्मोन्स, आणि टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया. शेवटचा टप्पा जानेवारी २०२४ मध्ये पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात झाला. (नाव लिहिणार नाही. माझं भांडण एका इमारतीशी नाही.) त्यात इतर गोष्टींबरोबर लघवीचा मार्ग लांबवून नवा करतात. उभं राहून लघवी करता यावी, एवढीच त्यामागची इच्छा. पुरुष वाचकांना यात मागण्यासारखं काय आहे असं वाटेल. तुम्हाला ते फुकट मिळालंय म्हणून.

तीन आठवड्यांनी नळी काढली आणि दोन दिवसांत लक्षात आलं की लघवी भलत्याच ठिकाणाहून झिरपतेय. याला फिस्टुला म्हणतात. शिवलेल्या नव्या मार्गाला मध्येच एक भोक पडतं. त्यापाठोपाठ थंडी वाजून ताप आला, जंतुसंसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेला. परत भरती. मग पोटातून थेट मूत्राशयात नळी, मांडीला बांधलेली पिशवी, आणि "आतलं सगळं मऊ पडेपर्यंत सहा महिने थांबा" हा सल्ला. नोव्हेंबर २०२४ मध्ये दुरुस्तीचं ऑपरेशन. २०२५ मध्ये तोच मार्ग एके ठिकाणी आकसला, म्हणून तो रुंद करायला पुन्हा एक फेरी. आता बरा आहे. पाणी प्यायला भीत नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

हे सगळं सांगतोय ते सहानुभूतीसाठी नाही. फिस्टुला आणि मार्ग आकसणं या अशा शस्त्रक्रियेतल्या सगळ्यात ठरलेल्या गुंतागुंती आहेत. डॉक्टरांनी माझ्यावर काही अत्याचार केला नाही, हात चांगला होता त्यांचा. गुंतागुंत म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हे मला पूर्ण मान्य आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. तीच गुंतागुंत दुसऱ्या कुणाला झाली तर जग त्याच्याशी कसं वागतं, आणि मला झाली तर कसं?

आता आत्याचं बघा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ती सास्तूरला होती, नुकतं लग्न झालेलं. भिंतीखालून तिला काढलं तेव्हा मांडीचं हाड मोडलं होतं. सोलापूरला नेऊन रॉड घातला. त्या रॉडला पू झाला. दोनदा पाय उघडला, रॉड काढला, दुसरा घातला, तरी पाय आखूड राहिला तो राहिलाच. आमच्या घरात तीस वर्षं ही गोष्ट सांगितली जातेय आणि सांगताना प्रत्येक जण म्हणतो, "बिचारीला ऑपरेशन लाभलं नाही." लाभलं नाही! किती चांगला शब्द आहे. त्यात कुणाचा दोष नाही, आत्याचा नाही, डॉक्टरांचा नाही.

कुणी म्हणेल की भूकंप कुठे आणि हे कुठे. बरं, मग याहून जवळचं उदाहरण देतो. दर काहीशे मुलग्यांमागे एक असा जन्मतो की ज्याचं लघवीचं छिद्र टोकाला नसून खाली असतं. हायपोस्पेडियस म्हणतात त्याला. लहानपणीच ऑपरेशन करतात, मार्ग लांबवून छिद्र जागेवर आणतात. म्हणजे तत्त्व तेच, जे माझ्या बाबतीत वापरलं. आणि गुंतागुंतही तीच, फिस्टुला! आमच्याच गल्लीतल्या एका पोराचं असं ऑपरेशन झालं होतं. टाके उसवले, लघवी मधूनच येऊ लागली. पोराला दुसऱ्यांदा न्यायचं ठरलं तेव्हा अख्ख्या गल्लीने पैसे गोळा केले. त्याच्या आजीने तुळजापूरला जाऊन नवस बोलला. "उभं राहून लघवी करायची पोराची हौस" असं कुणीही म्हणालं नाही. ते पोर खाली बसून लघवी करत आयुष्य काढू शकलं असतं की. वैद्यकीयदृष्ट्या जीवाला धोका नव्हता. पण सगळ्यांना कळत होतं की मुलगा आहे, शाळेत जाईल, चारचौघांत वावरेल, त्याला हे हवं.

मला तेच हवं होतं. फरक एवढाच की तो मुलगा आहे हे गल्लीला आधीच मान्य होतं.

म्हणजे 'हौस' हा शब्द शस्त्रक्रियेबद्दल नाहीच. तो माझ्याबद्दल आहे. मी पुरुष आहे हे ज्याला मनातून पटलेलं नाही, त्याला माझं ऑपरेशन हौस वाटतं आणि हौस वाटली की त्यातून आलेलं दुखणं शिक्षा वाटते. मामा, तुम्ही मला नव्या नावाने हाक मारता, पण आत कुठेतरी अजून जुनंच नाव आहे का?

असो. आता बिलाकडे येतो, कारण ओट्यावरची 'हौस' काउंटरवर 'ऐच्छिक' होऊन बसते, आणि तिथे तिचे पैसे पडतात.

माझा धंदाच हिशेबाचा. दिवसभर लोकांची बिलं तपासायची आणि चुका काढायच्या. तरीही स्वतःच्या ऑपरेशनच्या वेळी मी एक कागद नीट वाचला नाही. पॅकेज ठरलं होतं ३ लाख ८० हजार. पाच वर्षांची बचत, आणि आप्पांनी गुपचूप दिलेले सोयाबीनचे साठ हजार. छापील पानाच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ होती: गुंतागुंत उद्भवल्यास त्यावरचा उपचार पॅकेजमध्ये धरलेला नाही. मी सह्या करत होतो तेव्हा अकरा ठिकाणी करायच्या होत्या आणि मनात एकच भीती होती, की जास्त प्रश्न विचारले तर हे लोक "विचार करून या" म्हणून परत पाठवतील. आमच्यासारख्यांना ही भीती कायम असते. प्रश्न विचारणारा पेशंट म्हणजे 'अजून मनाची तयारी नसलेला' पेशंट. त्यामुळे आम्ही गप्प बसून सह्या करतो. ही माझी चूक, ती मी माझ्या खात्यावर लिहितो.

पण दुसरी बाजूही लिहितो. जी गुंतागुंत इतकी नेहमीची आहे की तिच्यासाठी छापील ओळ तयार आहे, ती तोंडाने का सांगितली नाही? २००८ साली समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की संमती म्हणजे नुसती सही नव्हे. उपचार काय आहे, धोके काय आहेत, पर्याय काय आहेत, हे रुग्णाला कळेल इतकं सांगितलं गेलं पाहिजे. माझ्या मते धोक्यात पैशाचा धोकाही आला. "चार-पाच दिवसांत घरी" असं सांगायचं आणि "पुन्हा यावं लागलं तर तेवढेच पैसे पुन्हा लागू शकतात" हे तळटीपेत ठेवायचं, याला मी तरी सांगणं म्हणत नाही.

पुन्हा भरतीचं बिल आलं ९४,३०० रुपये, एका पानावर, सहा ओळींत. सहा दिवसांची खोली २७,०००. डॉक्टरांच्या भेटी १४,४००. औषधं २३,६००. हातमोजे-सिरिंजा वगैरे ११,९००. तपासण्या ९,४००. आणि 'इतर' ८,०००. मी हिशेबाचा माणूस, 'इतर' दिसलं की माझे कान टवकारतात. विचारलं, हे काय? काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर... मॅडम... ते सिस्टीममधून येतं." तपशीलवार बिल मागितलं. दोन तास बसवून ठेवलं आणि मग बिल बदलून आलं. 'इतर' ही ओळच गेली होती! ८६,३०० झाले. मी आजही विचार करतो, जे आठ हजार एका प्रश्नाने नाहीसे होतात ते होते तरी कशाचे? आणि तापात असलेला, पोटातून नळी निघालेला, सोबत कुणी नसलेला पेशंट हा प्रश्न कधी विचारणार? रविवारी एकही डॉक्टर आला नव्हता आणि दोन भेटी लावल्या होत्या, ते तर मी सोडूनच दिलं. अंगात त्राण नव्हतं.

दुरुस्तीचे १ लाख ६५ हजार आणि नंतरच्या फेरीचे ४१,७००. म्हणजे पॅकेजच्या वर एकूण २ लाख ९३ हजार. बिनपगारी रजा, पुण्यातली खोली, पिशव्या, नळ्या यांचा हिशेब यात नाही. ज्या वर्षी शेवटची फेरी झाली त्याच २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसाने काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. आमचं सोयाबीन पाण्यात गेलं. आप्पांचे साठ हजार मला परत करायचे होते, ते अजून राहिलेत.

"मग इन्शुरन्स काय करत होता?" असं पुण्यातले मित्र विचारतात. सांगतो. २०१९ साली विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांसाठी वगळायच्या गोष्टींची एकसारखी यादी केली. त्यात सातव्या क्रमांकावर आहे, शरीराची वैशिष्ट्यं विरुद्ध लिंगासारखी करण्यासाठीचा कोणताही उपचार. आठव्या क्रमांकावर सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया. शेजारी-शेजारी बसवलेत दोन्ही. आणि आठव्याला निदान अपवाद तरी आहेत, अपघातानंतर, भाजल्यानंतर, कॅन्सरनंतर चालतं. सातव्याला काही नाही.

बरं, शस्त्रक्रियेचे पैसे मी मागितलेच नव्हते. ते मिळणार नाहीत हे माहीत होतं. मी क्लेम केला तो मूत्रपिंडाच्या जंतुसंसर्गाचा. १०३ ताप, रक्तात पेशी वाढलेल्या, सलाइनमधून अँटिबायोटिक. यातून शरीराचं कुठलं वैशिष्ट्य बदलणार होतं? पण नकाराच्या पत्रात तोच सातवा क्रमांक. म्हणजे एकदा का तुम्ही ही शस्त्रक्रिया केली की नंतर त्या भागात जे काही होईल ते 'तुमच्या हौसेचं'. उद्या साठाव्या वर्षी मला मुतखडा झाला तर तोही यातच धरणार का? विमा लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही, वकील लागत नाही, पण नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. मी ते वर्ष नळी आणि नोकरी सांभाळण्यात घालवलं. हे तुम्ही लक्षात ठेवा, मी चुकलो.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त जाळलं ते सांगतो. ८६,३०० पैकी पंचवीस हजार माझ्याकडे कमी पडत होते. मला घरी जाऊ दिलं, पण डिस्चार्जचे कागद ठेवून घेतले. आणि त्याबरोबर शस्त्रक्रिया झाल्याचं प्रमाणपत्रही. "बाकी भरा आणि घेऊन जा."

हा कागद म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्यातल्या सातव्या कलमाप्रमाणे शस्त्रक्रियेनंतर 'पुरुष' अशी नोंद असलेलं सुधारित प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतं. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. तो दाखला नाही म्हणून सुधारित प्रमाणपत्र नाही. ते नाही म्हणून मी बदलून घेत असलेली पुढची सगळी कागदपत्रं अडली. म्हणजे मी पुरुष आहे की नाही हे पंचवीस हजारांवर येऊन थांबलं होतं! आणि गंमत बघा, बाकी मागणारे फोन यायचे ते माझ्या जुन्या नावाने, "श्रीमती" लावून. वॉर्डात सगळे मला दादा म्हणत, बिलावर मात्र मी श्रीमती. ज्या कागदाने ते 'श्रीमती' जाणार होतं तोच कागद 'श्रीमतीं'नी पैसे न भरल्यामुळे अडकला होता.

वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत लिहिलंय की रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत त्याची कागदपत्रं दिली पाहिजेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही कागदपत्रांचा हक्क आहे, तपशीलवार बिलाचा आहे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर मी साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहिला, नियमाचं नाव आणि साल घातलं, आवक शिक्का मारून पोच घेतली. तिसऱ्या दिवशी कागद मिळाले. पैसे नंतर हप्त्याने भरले, पूर्ण भरले. पण मधे चार महिने गेले.

त्या चार महिन्यांत मी एकदा धाराशिवला गेलो होतो. बसमधून उतरलो तर रंगवलेल्या पाट्या. आमच्या जिल्ह्याचंही नाव बदललंय ना, २०२३ मध्ये, उस्मानाबादचं धाराशिव. मुंबई उच्च न्यायालयात त्यावर वाद गेला, मे २०२४ मध्ये निकालही आला. त्या नावाच्या बाजूने किंवा विरुद्ध मला काही म्हणायचं नाही. पण पाट्या बघताना मनात आलं की जिल्ह्याला कुणी "तुझी गुणसूत्रं दाखव" म्हटलं नाही, "आधीचं बिल भर मग पाटी रंगव" म्हटलं नाही. राजपत्रात छापून आलं आणि झालं. माझंही नवीन नाव राजपत्रात छापून आलंय. फी भरून, रीतसर. तरी मी श्रीमती.

आणि आता तो मुद्दा, जो ओट्यावर हमखास निघतो. "ललित साळवेंचं वेगळं होतं बरं का." शेजारच्या बीड जिल्ह्यातले, माजलगावचे पोलीस शिपाई ललित साळवे. २०१७ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, खात्याने नाकारली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे पाठवलं. शेवटी सरकारने परवानगी दिली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. पुढचे टप्पे २०२० पर्यंत चालले. त्याच वर्षी लग्न झालं, जानेवारी २०२४ मध्ये मुलगा झाला. आमच्याकडे सगळ्यांना त्यांचं कौतुक आहे, मलाही आहे. आमच्या भागात ते नसते तर मी घरात तोंड उघडलं नसतं.

"पण त्यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र निघालं होतं, तुझ्यात कुठे?" हा पुढचा प्रश्न. म्हणजे रिपोर्ट आला तर आजार, रिपोर्ट नाही तर हौस. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने नाल्सा प्रकरणात सांगितलं की आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क त्या माणसाचा स्वतःचा आहे. पण ते राहू द्या. मला साळवेंच्या गोष्टीतून दुसरंच काही दिसतं. त्यांचे टप्पे सरकारी रुग्णालयात झाले. एक टप्पा झाला की पुढचा, आणि त्याला कुणी 'पॅकेजबाहेर' म्हटलं नाही. जे मुंबईत एकाला मिळू शकलं ते मराठवाड्यातल्या बाकीच्यांना का मिळू नये, आणि त्यासाठी दर वेळी हायकोर्टापर्यंत का जावं लागावं, हा खरा प्रश्न आहे. तामिळनाडूने २००८ मध्येच कल्याण मंडळ काढलं आणि सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत सुरू केली.

कायदा आपल्याकडेही आहे. २०१९ च्या त्याच कायद्याच्या पंधराव्या कलमात लिहिलं गेलं की सरकारने शस्त्रक्रिया, हार्मोन आणि त्यासंबंधीच्या आरोग्य प्रश्नांचा खर्च विम्यातून भागवण्याची तरतूद करावी. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्लीत करार झाला, आयुष्मान भारतखाली ट्रान्सजेंडर व्यक्तींना वर्षाला पाच लाखांचं संरक्षण. पेपरात फोटो आले. मी भरती होतो तिथल्या काउंटरवर या योजनेचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. सरकार एकीकडे खर्च देईन म्हणतं, आणि विमा कंपनीचा सातवा क्रमांक म्हणतो की हा खर्चच नव्हे, हौस आहे. दोन्ही कागद याच देशातले.

"शेतकऱ्याला भरपाई मिळेना आणि तुम्हाला पाच लाख?" असंही एकाने ऐकवलं. अरे बाबा, मी कुठल्या घरातला आहे? आमच्याच सोयाबीनची भरपाई यायचीय आणि आमच्याच घरात हे बिल आलंय. दोन्ही आप्पांच्याच खिशातून गेलं. शेतकऱ्याचं पोर ट्रान्स नसतं असं कुणी सांगितलं?

केरळमध्ये अनन्या कुमारी ॲलेक्स होत्या. तिथल्या पहिल्या ट्रान्सजेंडर रेडिओ जॉकी, अवघ्या २८ वर्षांच्या. २०२० मध्ये झालेल्या शस्त्रक्रियेनंतर सतत वेदना आहेत, नीट उभं राहता येत नाही, असं त्या जाहीरपणे सांगत होत्या. जुलै २०२१ मध्ये त्या कोचीतल्या राहत्या घरी मृतावस्थेत सापडल्या. मग चौकशी लागली. वैद्यकीय बाजूने कोण बरोबर, हे ठरवणारा मी कोण? पण जिवंतपणी सांगितलेलं दुखणं ऐकून घ्यायला वर्षभर जागा नसते आणि मेल्यावर चौकशी लागते, हे मला चांगलं समजतं. मांडीला पिशवी बांधून गावाकडच्या एसटीत बसलो असताना माझ्याही मनात नको ते विचार आलेत. दुखण्यामुळे कमी, आणि "कुणाला सांगणार? म्हणतील, मागून घेतलंस" यामुळे जास्त.

त्याच दिवसांतली एक गोष्ट सांगून संपवतो. गावी असताना पोटातली नळी तुंबली. रात्रीचे दहा. तालुक्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी केसपेपर वाचला आणि "जिथे केलं तिथेच जा" म्हणून सांगितलं. जिथे केलं ते साडेतीनशे किलोमीटरवर! दुसऱ्या एका छोट्या दवाखान्यात रात्रपाळीच्या सिस्टर होत्या, पन्नाशीच्या. त्यांनीही केसपेपर वाचला. मी आपला सगळं समजावून सांगायला लागलो, तर म्हणाल्या, "ते राहू दे रे दादा. लघवी तुंबली की सगळ्यांना सारखीच कळ येती. आडवा हो." डॉक्टरांना फोन लावून विचारलं, नळी धुतली, मोकळी केली. दीडशे रुपये घेतले, पावती दिली. पावतीवर माझं नाव बरोबर लिहिलं होतं.

मला रुग्णालयांकडून, विमेवाल्यांकडून, सरकारकडून हवंय ते एवढंच आहे. धोका आधी तोंडाने सांगा, माझ्या भाषेत. ठरलेली गुंतागुंत ठरलेल्या पैशात धरा. बिल ओळीओळीने द्या. कागद अडवू नका. तापाला ताप म्हणा. कुणीही, कुठल्याही ऑपरेशननंतर हेच मागेल.

आणि मामा, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे, ताई तुम्हाला पाठवल्याशिवाय राहायची नाही. तुमच्याकडून मला पैसे नकोत. पुढच्या वेळी ओट्यावर कुणी विचारलं ना, "काय झालं होतं त्याला?" तर आत्याबद्दल सांगता तसं सांगा. म्हणा, ऑपरेशन झालं होतं, लाभलं नाही लवकर, आता बरा आहे.

असो. भेटूच दिवाळीत.

ता. क. – ज्यांना यातून जायचंय त्यांच्यासाठी: सही करण्याआधी पॅकेजमध्ये काय नाही ते लेखी विचारा. रोजचं बिल रोज मागा. प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवा. अर्ज दिला की पोच घ्या. नकार आला की तारीख भिंतीवर लिहा. आणि सोबत कुणीतरी न्या, भांडता येणारं.